वराचे नाव जतन केले आहे

विवाह नोंदणी कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाने आपल्या बावीस वर्षांच्या सेवेत एकही चूक केली नव्हती, कारण एकही निर्णय त्याने स्वतः घेतला नव्हता. सबब, ज्या मंगळवारी तो एकेचाळीस स्त्रियांचा कायदेशीर पती असल्याचे उघडकीस आले, त्या दिवशीही तो नेहमीप्रमाणे सव्वादहाला हजर होता व हजेरीपटावर त्याची सही होती.

या आपत्तीचे मूळ तीन आठवडे मागे जाते. जाडजूड नोंदवह्या माळ्यावर चढवून त्यांच्या जागी संगणक बसवण्यात आला होता. त्यावरचे नोंदणीचे पान तयार करणारा तरुण प्रोग्रामर स्वतः येऊन सर्वांना समजावून गेला. ब्राउझरच्या अंगी म्हणे दोन गुण उपजतच असतात, वेगळे काही विकत आणावे लागत नाही. पहिला गुण असा, की तो तारेवरून केंद्राच्या संगणकाला प्रश्न विचारून उत्तर घेऊन येतो. दुसरा असा, की एकदा मिळालेली माहिती तो आपल्याच पोटात साठवतो आणि यंत्र बंद केले तरी विसरत नाही. केंद्राची लाइन दिवसातून चारदा जात असल्याने पान आधी स्वतःच्या साठवणीत पाहील, तेथे काही सापडले नाही तरच केंद्राला त्रास देईल, अशी योजना होती. साहेबांना ती फार भावली. कार्यालयाची परंपराही हीच होती. ड्रॉवरमध्ये कागद सापडला, तर खुर्चीवरून उठायचे नाही.

मग चाचणी झाली. साहेब म्हणाले, कोणाचे तरी नाव घाला. कारकुनाने वराच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले, वधूचा रकाना सभ्यतेपोटी रिकामा सोडला. पडद्यावर एक चौकट आली व तिने काहीतरी विचारले. कारकुनाने ‘होय’ दाबले. चौकटीत काय लिहिले होते हे पुढे त्याला पुष्कळांनी विचारले, परंतु चौकट आली की ‘होय’ दाबायचे असते, याव्यतिरिक्त त्याला काही आठवेना.

तेव्हापासून प्रत्येक जोडप्याची माहिती तो काळजीपूर्वक टंकत असे व ती पडद्यावर बिनचूक दिसतही असे. छापताना मात्र पान आपल्या साठवणीत डोकावे. तेथे एक वर आधीच बसलेला आढळे, आणि हाती आलेला वर सोडून दुसऱ्याची चौकशी करणे पानाच्या शिस्तीत बसत नव्हते. प्रत्येक नोंद केंद्राकडे जाई आणि अर्ध्या सेकंदात ‘स्वीकृत’ असे उत्तर येई. केंद्र फक्त एवढेच तपासत असे, की वराचा रकाना रिकामा नाही ना.

चाळीस जोडपी दाखला घेऊन आनंदाने घरी गेली. एकेचाळिसावी वधू मात्र छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापलेले दिसेल ते शेवटपर्यंत वाचायची तिला सवय जडली होती. तिने खिडकीपाशी उभ्या उभ्याच दाखला वाचला, मग कारकुनाच्या टेबलावरची पाटी वाचली, मग पुन्हा दाखला.

“हे माझ्या नवऱ्याचं नाव नाही,” ती म्हणाली. “हे तुमचं आहे.”

तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करणारा होता. तो शेजारीच उभा होता आणि आपण नक्की कोण, याविषयी त्याच्या चेहऱ्यावर किंचित संभ्रम दिसू लागला होता.

प्रोग्रामरला फोन केला. तो म्हणाला, साठवण पुसून टाका, तीन बटणे आहेत, अर्ध्या मिनिटाचे काम. कारकुनाचे बोट पहिल्या बटणापर्यंत पोहोचलेही होते, तोच साहेबांनी त्याचा हात धरला. जे साठवले ते दप्तर, आणि दप्तर नष्ट करायचे तर तीस वर्षे थांबावे लागते किंवा समिती नेमावी लागते, असे त्यांनी समजावले. दुरुस्तीचा अर्ज मात्र करता येईल, तो पती-पत्नींनी जोडीने द्यावा. कोणते पती? तर अर्थात नोंदीप्रमाणे असतील ते.

त्यामुळे कारकून खिडकीच्या बाहेर मुद्रितशोधक बाईंशेजारी जाऊन उभा राहिला. खिडकीच्या आत अर्ज घ्यायलाही तोच नेमलेला होता, म्हणून तो आत आला. आत येताच त्याच्या ध्यानात आले, की ज्या प्रकरणात कर्मचारी स्वतः पक्षकार आहे, ते त्याने हाताळू नये, असा नियम आहे. त्याने अर्ज नाकारला, बाहेर येऊन स्वतःचे नाकारणे ऐकून घेतले आणि बाईंची क्षमा मागितली.

“तुम्ही नवरा म्हणून वाईट नाही,” बाई कारकुनाला म्हणाल्या व घड्याळवाल्याकडे वळल्या, “पण मला हा हवाय.”

येथवर प्रकरण निदान कार्यालयापुरते होते. गुरुवारी ते घरी पोहोचले. कारकून सरकारी निवासस्थानात, दोन खोल्यांत राहत असे, व निवासस्थानांची यादी नव्या संगणकाशी पडताळण्याचा आदेश निघाला होता. पडताळणीत असे आढळले, की सदर कर्मचाऱ्यास एकेचाळीस पत्नी असून त्यांपैकी एकही निवासस्थानी राहत नाही, आणि जी स्त्री तेथे एकोणीस वर्षे राहते, तिची नोंद माळ्यावरच्या वहीत असल्याने ती संगणकाच्या मते कोणीच नव्हे. तिला सोमवारपर्यंत खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस द्यायची होती. नोटीस टंकण्याचे काम तिसऱ्या खिडकीकडे होते.

कारकुनाने ती बिनचूक टंकली आणि संध्याकाळी स्वतःच नेऊन बायकोला दिली. ती शाळेत गणित शिकवीत असे. वह्या तपासता तपासता तिने नोटीस वाचली व लाल पेनाने दोन ठिकाणी रेघ मारली.

“अहो, अनधिकृत रहिवासी म्हणजे मी का?”

तो म्हणाला, “अगं, कागदोपत्रीच फक्त.”

“आणि सामान कागदोपत्री बाहेर काढायचं, की खरंखुरं?”

यावर त्याच्यापाशी परिपत्रक नव्हते. एकोणीस वर्षांत प्रथमच तो भांडी घासायला उठला. सोमवारनंतर आपण कोठे असू याची त्याला चिंता नव्हती, त्याची जागा नियमाने सुरक्षित होती. पण पलीकडच्या खोलीत वह्यांवर लाल रेघा ओढल्याचा आवाज येणार नाही, ही कल्पना त्याला कोणत्याही रकान्यात बसवता येईना.

शुक्रवारी सकाळी बायको रांगेत उभी राहिली. ती खिडकीपाशी आली व तिने वधूचा अर्ज पुढे सरकवला.

“हे काय?” कारकुनाने विचारले.

“गणित. तुमचं यंत्र सगळ्यांना एकच नवरा देतं ना? मग मला जो हवा तोच येणार.”

पक्षकाराने प्रकरण हाताळू नये, हे त्याला आठवले. त्याने आजूबाजूला पाहिले आणि बावीस वर्षांतला पहिला निर्णय घेतला. बटण दाबले. पान साठवणीत डोकावले, वर सापडला, केंद्राने ‘स्वीकृत’ म्हटले आणि दाखला बाहेर आला. त्यावर वधू खरी होती, वर खरा होता. यंत्राच्या कारकिर्दीतला हा पहिलाच बिनचूक दाखला. बायकोने तो तीनदा वाचला व घडी करून पर्समध्ये ठेवला.

साहेबांना अतोनात समाधान झाले. ताज्यातील ताजी नोंद अक्षरशः अचूक निघाल्याने यंत्रणेत दोष नसल्याचे सिद्ध होते, असा अहवाल त्यांनी धाडला. नोटीस मागे घेण्यात आली. मुद्रितशोधक बाईंनी आपल्या दाखल्यावरचे नाव पेनाने खोडून समासात घड्याळवाल्याचे लिहिले, त्याबद्दल त्यांच्यावर खाडाखोडीची चौकशी लागली. अहवाल वाचून केंद्राने हीच यंत्रणा, साठवणीसकट, जशीच्या तशी सर्व कार्यालयांत बसवण्याचा आदेश काढला. त्याला आता बरेच महिने झाले.

उरलेल्या चाळीस जोडप्यांपैकी अद्याप कोणाचीही तक्रार आलेली नाही, आणि इतर कार्यालयांतूनही नाही. वाचकहो, आपला दाखलाही कपाटात जपून ठेवलेला असेलच. त्यावरचा शिक्का ठळक उमटला आहे, हे आपण नक्की पाहिले असेल.