खंडेनवमीचा कम्प्युटर

"उद्धवा, हाईस का?"

"हाय, तात्या!"

भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधून रोज दिवेलागणीला हा आवाज फिरायचा. ग्यानोबातात्या काठी टेकत एकेका दारापुढं थांबायचे, एकेकाचं नाव घ्यायचे आणि 'हाय' ऐकल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. कधी चुकून धरणीनं गिळलेल्याचंही नाव तोंडात यायचं. मग सगळी ओळ गप्प व्हायची आणि तात्या काठी न वाजवता पुढं जायचे.

उद्धव तेव्हा कॉलेजात होता. पुढं तो लातूरला आला, केमिस्ट्रीचा क्लास काढला, उद्धव सर झाला. क्लासच्या माडीवर घर झालं, मुलगा झाला. तो आवाज मात्र कानातून गेला नाही. वर्गात शिरताच सर आधी हजेरी घेत. रसायनशास्त्र मागून, आधी सगळ्यांचं 'हाय' ऐकू यायला हवं.

कम्प्युटर रूममध्ये मात्र या हजेरीची डाळ शिजेना. सराव परीक्षेला पोरं मान खाली घालून बसत, पण सर दारात आले की बोटं अशी काही नाचत की पडद्यावरचा फलंदाज गायब होऊन तिथं बेंझीनचं कडं उमटे.

"खुर्चीत पोरगं दिसतंय," सर जेवताना म्हणाले, "पण ते खरंच तिथं हाय का न्हाई, कसं कळावं?"

अनय, त्यांचा मुलगा, ताटातून मान वर न करता म्हणाला, "पप्पा, मी एक प्रोग्राम लिहू का? दर मिनिटाला प्रत्येक कम्प्युटर आपल्या अख्ख्या पडद्याचा फोटो काढील आन् तुमच्या केबिनमधल्या मशीनवर पाठवील. आपोआप. कुणी बटण दाबायला नको."

"अख्ख्या पडद्याचा?"

"हाव. कोपराबी सुटणार न्हाई."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. या पोराला त्यांच्याच क्लासात बसून दोनदा मेडिकल लागलं नव्हतं. हलवायाच्या पोराला पेढा कडू लागावा तसं झालं होतं ते. चौकातल्या चहाच्या गाड्यावर अजून त्याची चव घेतली जाई. मग अनय नांदेडला कम्प्युटर शिकला आणि परत येऊन क्लासच्या तारा जोडत बसला.

"लिही," सर म्हणाले. "पण सगळ्या मशीनवर बसव. एकबी वगळायचं न्हाई."

"तुमच्या केबिनच्या मशीनवर नको, पप्पा. फोटो तिथंच जमा होणार. ते आपलाच फोटो काढायला लागलं तर..."

"मी हजेरी घेताना सवताला वगळतो का? बसव म्हणलं की बसव."

अनयनं बसवला. त्याच आठवड्यात पालकांची सभा झाली. उदगीरकडचे महादेवप्पा उभे राहिले. त्यांचा मुलगा इथंच शिकत होता आणि प्रत्येक सभेत भांडल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. त्यांनी विचारलं, "सर, हे फोटू काढायचं मशीन कुठून आणलं म्हणं?"

सरांच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण समोर भरलेला हॉल होता, आणि चहाचा गाडा आठवला.

"पुण्याच्या कंपनीचं हाय," ते म्हणाले.

अनय त्या वेळी त्यांच्याच टेबलाखाली बसून वायर जोडत होता. टेबलाखाली वायर जोडायचं काम तसंच चालू राहिलं. सरांना तेवढं तरी बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये पहिले फोटो उतरले आणि सर छडी मारायच्या तयारीनं बसले. पण बघता बघता छडी मनातच राहिली. पडद्यावर लहान लहान खिडक्या उघडल्या होत्या, आणि एकेका खिडकीत एकेक जीव. कुणी एकाच गणितावर पुन्हा पुन्हा आपटत होता. कुणी मॅच बघत होता खरा, पण शेजारी मूलद्रव्यांचा तक्ता उघडा ठेवून. उमरीची उर्वी परीक्षा सोडून आभाळातून काढलेला नकाशा बघत होती. दर मिनिटाला नकाशा मोठा होई. आधी नदी, मग रस्ता, मग गाव, मग एक पत्रा आणि त्याच्याजवळ कडुलिंबाचा हिरवा ठिपका. तिथं येऊन नकाशा थांबला आणि बराच वेळ हलला नाही.

"पोरगी घरी जाऊन आली की," सर पुटपुटले. ज्या पोराला आपण वायरी जोडणारा समजलो, त्यानं माणसाच्या मनाला खिडकी पाडली, हे बघून त्यांच्या अंगावर काटा आला. ते तडक अनयच्या खोलीपर्यंत गेले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पंखा बंद कर, लाईट जळायलीय."

खंडेनवमीच्या सकाळी सरांच्या पत्नी विनीताबाई हार करता करता म्हणाल्या, "अहो, अनय आज रातच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला चाललाय."

"कशाला?"

"नोकरी बघायला. मला म्हणला, 'पप्पांनी चार माणसांत एकदा म्हणावं, हे माझ्या पोरानं केलंय. मग मी जात न्हाई.' "

"आन् पालक काय म्हणतील? ज्याला घरच्या पोराला शिकवता आलं न्हाई, त्याच्या हाती आपली पोरं?"

"पालकांचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही काय म्हणता?"

सर झेंडूची फुलं निवडू लागले.

क्लासात खंडेनवमी थाटात होई. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो. लातुरात कम्प्युटर पुजत. पालक झाडून येत. पूजेत मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत कुणी शिवायचं नाही, हा सरांचा कडक नियम. सगळी मशीनं बंद करून हळदीकुंकू लावलं. केबिनचं मशीन तेवढं हॉलमध्ये चौरंगावर आलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलं गेलं.

"हे बी बंद करू का?" अनयनं विचारलं.

"तलवार म्यानात ठेवून पुजतेत का? चालू ऱ्हाऊ दे."

कीबोर्डवर विड्याची पानं, पानांवर नारळ, माउसवर फूल. आरती झाली. सगळे प्रसादाची वाट बघत असताना भिंतीवर पत्ते उमटले. इस्पिकचा राजा, बदामची राणी, खाली हिरवं मैदान.

फिजिक्सचे संगप्पा सर स्टाफरूममध्ये दार लावून, तिथलं मशीन गुपचूप पुन्हा चालू करून पत्त्यांचा डाव मांडून बसले होते, आणि त्यांच्या मशीननं इमानेइतबारे फोटो पाठवला होता. मिनिटानं दुसरा आला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"आवो, लाल दुर्री त्या काळ्या तिर्रीवर ठेवा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुढच्या फोटोत दुर्री तिर्रीवर गेली होती. टाळ्या पडल्या.

महादेवप्पा उसळले. "अय्यो! आमची पोरं इथं डोळे फोडून घेतेत आन् मास्तर पत्ते कुटतेत? तेबी खंडेनवमीला, हत्याराला हात लावून? बंद करा ते!"

सर पुढं झाले आणि नारळापाशी थबकले. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी डोळे वटारले. "आवाहन झालेलं आहे. आता हलवता यायचं नाही. नियम तुमचाच."

"वायर उपसा मग!"

"वायर हत्यारात येत न्हाई का?" कुणीतरी शंका काढली. त्यावर दोन तट पडले. एरवी लातुरात आरतीच्या निम्म्यात लाईट जाते. त्या दिवशी तिनंही नवस केल्यासारखी जागा सोडली नाही.

शेवटी विनीताबाईंनी स्टाफरूमचं दार वाजवलं. संगप्पा सरांनी घाबरून मशीन बंद केलं. डाव सुटत आला होता, असं ते नंतर शिलंगणाचं सोनं देताना सगळ्यांना सांगत होते.

आता बोलणारं मशीन एकच उरलं, चौरंगावरचं. त्याला दुसऱ्या कुणाचा फोटो मिळेना, तेव्हा त्यानं आपल्याच पडद्याचा फोटो काढला आणि भिंतीवर दाखवला. मिनिटानं त्या फोटोसकट पुन्हा काढला. चौकटीत चौकट आली. मग त्या चौकटीत आणखी एक, तिच्यात आणखी, लहान होत होत तिळाएवढी, तिळाच्या आत बोट न पोचणारी.

हसणारी तोंडं हसायचं विसरली. भिंत जणू भिंत उरलीच नव्हती. कुणीतरी दार उघडून आत आत निघून गेलं होतं आणि जाताना एकही दार लावलं नव्हतं. महादेवप्पांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

उर्वीची आजी नागुबाई पदर सावरत उठली, पडद्यापुढं आली आणि जात्यावर बसल्यासारखी हलक्या आवाजात म्हणाली,

"दाराच्या आत दार, उंबऱ्यात उंबरा,
माय कुठं उभी बाई, किती आत तिचा थारा..."

आणि तिनं हात जोडले. तिच्यामागं आणखी चार बायकांनी जोडले. गुरुजींनीही जोडले, पण कुणी बघत नाही याची खात्री करून.

सरांनी हात जोडले नाहीत. ते दाराकडं बघत होते. तिथं अनय उभा होता, खांद्यावर बॅग, तोंडावर भीती. आपला प्रोग्राम पूजेत फसला एवढंच त्याला दिसत होतं.

"सर," महादेवप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "मला कळंना झालंय, भांडावं का पाया पडावं. त्या पुण्याच्या कंपनीचा नंबर द्या. जे काय करायचं ते त्यांनाच करतो."

सुटायला इतकी सोपी वाट सरांना आयुष्यात मिळाली नव्हती. दोष पुण्याला, क्लास सलामत. वर्गात कधी न अडखळलेला आवाज अडखळला.

"कंपनी-बिंपनी काही न्हाई, महादेवप्पा. मी खोटं बोललो व्हतो. भांडायचं असंल तर माझ्याशी भांडा, करणाऱ्यानं आधीच बजावलं व्हतं, मीच त्याचं ऐकलं न्हाई. आन् पाया पडायचं असंल तर..." त्यांनी दाराकडं हात केला. "तो बॅग घेऊन हुबा हाय ना, तो माझा अनय. दोनदा त्याला मेडिकल लागलं न्हाई. हे समदं माझ्या पोरानं केलंय."