दहा मीटर अखंड वादी

चामड्याच्या फोल्डरची कड एकशे चाळीस सेंटीमीटर भरली. दुहेरी फासाच्या विणीला कडेच्या सातपट वादी, म्हणजे चामड्याची बारीक पट्टी, लागते, म्हणजे नऊ मीटर ऐंशी. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी हा गुणाकार तीनदा केला, वर मोठ्या मनाने वीस सेंटीमीटर वाढवले आणि वादी अखंडच हवी, असं बजावून बायकोला दुकानात पाठवलं.

ती वादीबरोबर दुकानदाराचा सल्लाही घेऊन आली. एवढी लांब वादी भोकांतून ओढून ओढून झिजते, त्यापेक्षा मीटरभर तुकडा घ्यावा आणि संपला की पुढचा जोडावा.

"जोड म्हणजे अंदाज चुकल्याची कबुली," मास्तर म्हणाले. "माझा अंदाज चुकत नाही."

फोल्डर लेकीसाठी होता. ती उद्या वकील म्हणून पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती आणि आज पाच वाजता फोल्डर न्यायला येणार होती. कागद नेईन तर बाबांच्या हातच्या फोल्डरमधूनच, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मास्तरांना गेले तीन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

दर टाक्याला बायको फोल्डर घट्ट धरून खुर्चीत बसे आणि मास्तर सुई घेऊन चालू लागत. दिवाणखाना, बोळ, दार, वादी उरेल तेवढं बाहेर, आणि परत. गुडघे कुरकुरत होते, पण निम्मी कड देखणी विणून झाली होती.

साडेतीनला ते असेच दारापर्यंत पोचले, तर समोर पार्सलवाला उभा. सहीला हात मोकळा हवा म्हणून मास्तरांनी सुई क्षणभर त्याच्या पाठीवरच्या पिशवीत खोचली. सही मात्र त्यांनी नेहमीसारखी सावकाश, वळणदार केली आणि पार्सलवर आपलं नाव बरोबर लिहिलंय का, ते चष्मा लावून तपासलं. तोवर पार्सलवाला लिफ्टमध्ये शिरून खाली निघालाही होता.

वादी ताणली. बायको फोल्डरसकट खुर्चीतून उठली आणि बोळातून तरातरा दाराकडे आली. सोडा, सोडा, म्हणून ती सांगत होती, पण मास्तर वादीला लटकले होते. शेवटी वादीनेच माघार घेतली आणि ती तुटली. बायको जिन्याने खाली गेली, तेव्हा आपल्या पिशवीतून हे काय निघालं, याचा विचार करत पार्सलवाला सुई धरून उभा होता.

मास्तर हताश होऊन बसले. सगळं उसवायचं म्हटलं तर सकाळपासूनचं काम वाया, आणि हाताशी दीड तास.

"अहो, जोडा ना."

"जोड दिसेल. भर कोर्टात दिसेल."

"यात आधीचेच तीन आहेत," बायको शांतपणे म्हणाली. "दुकानदाराकडे अखंड नव्हती. त्याने जोडून दिली. तुम्हाला दिसले का?"

मास्तरांनी भिंग आणलं. सगळी वीण दोनदा तपासली, उरलेली वादी उजेडात धरली. एकही जोड सापडला नाही. मग त्यांनी निमूटपणे पातं घेतलं. एका टोकाची वरची बाजू तासली, दुसऱ्याची खालची, सोल्युशन लावून टोकं एकावर एक दाबली, वाळू दिली आणि भराभर विणत सुटले.

पाचला लेक आली. फोल्डर पाहून तिचे डोळे भरून आले. मास्तर अभिमानाने म्हणाले, "यात चार जोड आहेत. शोधून दाखव."

तिने एक लगेच शोधला. बाकीचे तीन काही केल्या मिळेनात. मास्तरांना आनंद मावेना.

"बघ, याला म्हणतात हात. उद्या तुला कोर्टात सोडतो आणि तसाच त्या दुकानदाराकडे जातो. हे जोड कसे केले, ते त्याच्याकडून शिकायलाच हवं."

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता बायकोचा हात थांबला. दुकान दहाला उघडत होतं. उद्या पावणेदहालाच तिथे जाऊन उभं राहायला हवं होतं. त्या भल्या माणसाने दहा मीटर वादी अगदी अखंड दिली होती, आणि त्यात त्याने केलेले तीन जोड आहेत, हे त्याच्या कानावर कोणीतरी आधी घालायला हवं होतं.