हवेचा सेन्सर आणि लोकरीचा मोजा

"नातीला घरी आणायचं ते माझ्याच गाडीतून! टॅक्सीचं नाव काढायचं नाही!" बाबांनी इस्पितळात बाळंत झालेल्या लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं. डॉक्टर बारा वाजता सोडणार होते. दहा वाजता बाबांनी आठवड्यात पहिल्यांदाच गाडी सुरू केली, तर ती दोन धापा टाकून बंदच पडली. समोर इंजिनचा पिवळा दिवा!

बाबा डगमगले नाहीत. आयुष्यभर नोकरी टपाल खात्यात केली, पण जीव सगळा यंत्रात. त्यांनी बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र गाडीला जोडलं.

"इंजिनात हवा कमी जातेय, असं सेन्सर म्हणतोय."

"मग जात असेल कमी," आई म्हणाली.

"अगं, फिल्टर गेल्याच रविवारी मी साफ केलाय! माझ्या हातचं काम! सेन्सर धादांत खोटं बोलतोय."

 आई पायरीवर बसून क्रोशाच्या सुईने घाईघाईने मोजा विणत होती. नातीसाठी विणलेल्या पांढऱ्या जोडीतला एक मोजा आठवड्यापूर्वी गायब झाला होता. चोर म्हणजे शेजारणीचं मांजर, हा निकाल बाबांनीच दिला होता.

बाबा धावतपळत जाऊन नवा सेन्सर घेऊन आले. तो बसवला. दिवा तसाच!

"हाही खोटारडा निघाला!"

"अहो, दोघंही एकच सांगतायत, तर खरं असेल की! धाप लागलेल्या माणसाचा आधी घसा बघतात. तुम्ही थर्मामीटर काय बदलत बसलाय?"

"तुला यातलं काय कळतं?"

"तीस वर्षं नर्स होते मी!"

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, निघालात ना?"

"हे काय, निघालोच!" बाबा म्हणाले, आणि हताशपणे बंद गाडीकडे पाहू लागले. ही लेक जन्मली तेव्हा ते बदलीच्या गावी होते. तिला घरी दुसऱ्यांनीच आणलं. ती रुखरुख इतक्या वर्षांत गेली नव्हती.

आईने त्यांचा चेहरा पाहिला आणि विणकाम खाली ठेवलं. "तो हवेचा पाइप काढा बघू." तिने क्रोशाची सुई आत घातली, हलकेच फिरवली आणि ओढली. सुईच्या टोकाला धुळीने काळा पडलेला एक चिमुकला मोजा!

रविवारी फिल्टर पुसायला चष्म्याशिवाय विणकामाच्या टोपलीतून उचललेलं आणि पाइपातच राहिलेलं 'मऊ फडकं' बाबांना आठवलं.

"अहो, त्या मांजरावरून आठ दिवस मी शेजारणीशी बोलत नाहीये!" आई म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाइप बसवल्यावर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बाराला पाच मिनिटं असताना बाबा इस्पितळाच्या दारात हजर! नात मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर विसावली. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा.

"आई, हिचा दुसरा मोजा कुठाय?" लेकीने विचारलं.

"गाडीला थंडी वाजत होती," आई म्हणाली, "म्हणून तुझ्या बाबांनी तिला घातला होता."

बाबांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. घरी पोचल्यावर मात्र, कोणी बघत नाही असं पाहून, त्यांनी मांजरापुढे वाटीभर दूध ठेवलं.

मांजराने वाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि शेपूट वर करून निघून गेलं.