ताईची मंजूर रजा आणि भावोजींचा फहिता

घरातल्या बाईला स्वयंपाकघरातून सुट्टी मिळाली पाहिजे, याबद्दल शिकल्यासवरल्या पुरुषांत आता मतभेद उरलेला नाही. प्रश्न काय तो तारखेचा. आमच्या भावोजींनी ही तारीख लग्नानंतर अवघ्या सतरा वर्षांत निश्चित केली, यावरून त्यांच्या कामाचा उरक ध्यानात यावा.

भावोजी एका मोठ्या कचेरीत रजा शाखेचे प्रमुख आहेत. दोनशे चाळीस माणसांनी कधी आजारी पडावं आणि कोणाचं लग्न पुरेशा जवळच्या नात्यातलं आहे, हे ते ठरवतात. (त्यांनी नामंजूर केलेलं एकही आजारपण पुढे बळावल्याचं कागदोपत्री आढळत नाही.) तर एका सकाळी माझी ताई भाजी चिरता चिरता सहज म्हणाली, "मला एक दुपार हवीय. दार लावून पडायचंय आणि ती कादंबरी संपवायचीय. साठ पानं राहिलीत."

ही साठ पानं भाचीला पहिला दात आला तेव्हापासून राहिली होती. भाची आता दहावीत आहे. कादंबरीत खून झाला होता, संशयित सहा होते, आणि ताई इतकी वर्षं सहाही जणांवर संशय धरून बसली होती.

"असं तोंडी चालत नाही," भावोजी म्हणाले. "अर्ज दे."

ताईने अर्ज दिला. येत्या रविवारी दुपारी बारा ते चार अशी रजा दोन अटींवर मंजूर झाली. रजेच्या काळात मुख्यालय सोडू नये आणि कामाची निकड निर्माण झाल्यास तत्काळ रुजू व्हावे. मुख्यालय म्हणजे झोपायची खोली. ती स्वयंपाकघराला लागूनच असल्याने ताईची सोयच झाली. पर्यायी व्यवस्था म्हणून भावोजी स्वतः फहिता करणार होते.

रोजचं जेवण कोणालाही येतं, म्हणून भावोजींना ते येत नाही. पुरुषाने सुट्टीच्या दिवशी रांधायचं तर पदार्थ परदेशी हवा, भांडं जड हवं आणि धूर निघाला पाहिजे. मेक्सिकन पद्धतीचा फहिता या तिन्ही कसोट्यांना उतरतो. कोंबडीच्या पट्ट्या लिंबू, लसूण, तिखट आणि जिरेपुडीत मुरवायच्या, कांदा नि भोपळी मिरची उभी चिरायची, सगळं बिडाच्या तव्यावर मोठ्या आचेवर परतायचं आणि मैद्याच्या मऊ पोळीत, म्हणजे टॉर्टियात, गुंडाळून खायचं. भावोजींनी त्यासाठी एकोणीस व्हिडिओ पाहिले, टिपणं काढली आणि पट्टीची रुंदी एक सेंटीमीटर ठरवली. शिवाय कचेरीतल्या साहेबांना जेवायला बोलावलं, कारण पुरुषाने रांधलेलं साक्षीदाराशिवाय ग्राह्य धरत नाहीत. मेहुणा या नात्याने मला निरीक्षक नेमण्यात आलं. म्हणजे मी खुर्चीवर बसलो.

रविवारी बाराच्या ठोक्याला ताई कादंबरी घेऊन आत गेली. बारा वाजून चार मिनिटांनी पहिली हाक गेली.

"अगं, जिरेपूड कुठेय?"

"तिखटाच्या बरणीच्या मागे."

"मागे म्हणजे कुठल्या बाजूने मागे?"

ताई उठून आली, बरणी हातात देऊन गेली. मग सुरी कोणती, कांदा उभा चिरायचा म्हणजे कसा धरायचा, हे लसूणच आहे ना, असं सुरू झालं. दर खेपेला भावोजी अत्यंत मायेने म्हणत, "तू उठू नकोस गं, नुसतं सांग."

मी निरीक्षकाच्या इमानाने नोंद ठेवली. दोन तासांत एकूण एक्केचाळीस हाका. पैकी सतरा वस्तू कुठे आहे यासाठी, नऊ ती वस्तू हीच का यासाठी, अकरा 'जरा बघून जा' या सदरात. उरलेल्या चार वेळा भावोजींना काहीच नको होतं, जमतंय एवढंच कळवायचं होतं. कादंबरीत इन्स्पेक्टर चहाचा कप उचलतो ते पान ताईने सात वेळा वाचलं. तो चहा शेवटपर्यंत त्याच्या ओठाला लागला नाही.

तव्यातून धूर निघाला तेव्हा भाचीने सगळ्या खिडक्या उघडल्या. भावोजी मात्र समाधानाने खोकत होते. व्हिडिओतही असाच धूर होता. मग टॉर्टियाचा मुद्दा आला. टॉर्टिया विकत आणल्या तर फहिता घरचा कसा म्हणायचा, म्हणून भावोजींनी मैदा भिजवला होता. तो त्यांच्या कोपरापर्यंत चढला. तसेच हात वर धरून ते खोलीच्या दारात उभे राहिले.

"कामाची निकड निर्माण झालीय."

"अहो, पंचावन्न पानं राहिलीत."

"पुस्तक कुठे पळून जातंय? साहेब निघालेत तिकडून."

दोन वाजून दहा मिनिटांनी रजा रद्द झाली. ताईने पानात केसातली पिन घातली आणि चोवीस टॉर्टिया लाटल्या. मला तिची दया आली, रागही आला, आणि उठून लाटणं आपल्या हाती घ्यावंसं वाटलं. पण निरीक्षकाने चालू कामात हस्तक्षेप करू नये असा संकेत आहे. शिवाय मला भूक लागली होती.

साहेबांनी नऊ फहिते खाल्ले. "पुरुषांनी घरकाम वाटून घेतलंच पाहिजे," असं त्यांनी सातव्याच्या सुमारास जाहीर केलं. मग आत पाहून म्हणाले, "वहिनी, नशीबवान आहात. आमच्याकडे असलं काही नाही."

वहिनी तेव्हा बिडाचा तवा खरवडत होत्या. (फहिता करणं आणि फहित्यानंतरचं आवरणं या दोन स्वतंत्र शाखा असून दुसरीचा कार्यभार भावोजींकडे नाही.) चार वाजले. ताईच्या अर्जावर भावोजींनी लाल शाईने शेरा मारला, 'रजा उपभोगली', आणि तिला पुढचा अर्ज यथावकाश करता येईल, असं साहेबांदेखत सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. ताईने पुस्तक कपाटावर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिलं.

असो. वाचकहो, हा मजकूर तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर सलग वाचलात. मध्ये कोणी हाक मारली नाही, उठावं लागलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत असेल. तिचंही एखादं पुस्तक घरात कुठेतरी अर्धवट पडलेलं असेल. कोणतं, ते तुम्हाला ठाऊक नसेल.