एक तसंच ठेवायचं

साक्षी पंधरा दिवस एका वेणीला तेल लावून आणि दुसरी कोरडी ठेवून शाळेत गेली. डावी वेणी चापूनचोपून काळीभोर, उजवी शेळीच्या शेपटीसारखी. शेवटी वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, आईने दोन्ही वेण्यांवर एकदमच तेल थापले, आणि तेलाने केस वाढतात की नाही हा प्रश्न आमच्या इमारतीत अनुत्तरित राहिला.

"आईनं तसंचवाली वेणी बिघडवली," ती मला म्हणाली. "आता ताडून कशाशी बघू?"

साक्षी सहावीत आहे आणि माझ्या समोरच्या घरात राहते. 'एक तसंच ठेवायचं' हा तिचा पहिला नियम. एकावर काहीही करा, पण त्याच्या जोडीचे एक हात न लावता ठेवायचे. नाहीतर फरक कळणार कसा? त्यामुळे त्यांच्या घरात एक पोळी तशीच असते, एक कांदा तसाच असतो. कोणता साबण चांगला हे पाहण्यासाठी तिने वडिलांचे मळके रुमाल तीन साबणांनी धुतले आणि चौथा तसाच ठेवला. वडील सकाळी घाईत नेमका चौथाच घेऊन कंपनीत गेले. वहीत नोंद आहे : 'पप्पा मधी आले.'

दुसरा नियम साक्षीदाराचा. नाव साक्षी, पण स्वतःची साक्ष तिला पटत नाही.

"आणि घरच्यांची सही चालत नाय. घरचे लाड करतेत."

म्हणून माझ्या दारावरची घंटा वाजते. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. रजिस्टरात सह्या करण्यातच आयुष्य गेले, त्यामुळे माझी निवड तशी योग्यच. ओलं फडकं गुंडाळलेल्या आणि कोरड्या माठांपैकी कशातलं पाणी गार, याला मी साक्षी राहिलो आहे. घरातली सर्वांत गार फरशी कोणती हे तिने प्रत्येक खोलीत पालथी पडून ठरवले, तेव्हाही सही माझीच. "तुम्हीबी झोपून बघा ना," असा आग्रह झाला होता. तो मी गुडघ्यांचे कारण सांगून टाळला.

प्रयोगाआधी ती वहीत अंदाज लिहिते, आणि अंदाज खरा ठरला की तिचे तोंड उतरते. "बरोबर आलं म्हणजे नवीन काय कळलं? कायबी नाय." एकदा जिन्याच्या पायरीवर गूळ आणि साखर मांडून आम्ही मुंग्यांची वाट पाहत बसलो होतो. मुंग्या आल्या, आणि दोन्ही सोडून माझ्या हातून सांडलेल्या भज्याच्या तुकड्याकडे गेल्या. साक्षी टाळ्या वाजवत म्हणाली, "लई भारी चुकलं, आजोबा."

सहा महिन्यांपूर्वी माझी पत्नी सुमन गेली. त्याच्या थोडे आधी साक्षीचा दह्याचा प्रयोग सुरू झाला होता. मिरचीच्या देठांनी दूध विरजते, असे तिची देवगाव रंगारीची आजी सांगे. तेव्हा एका वाटीत देठ, दुसरीत चिंच आणि ताडून पाहायला तिसरीत नेहमीचे विरजण. ते विरजण न्यायला ती आमच्याकडे आली, तेव्हा मी आत वाचत होतो. सुमनचे एवढेच शब्द कानावर आले : "जपून गं, माझ्या माहेरचं आहे."

लग्न झाल्यावर सुमनने वैजापूरहून एका छोट्या डब्यात ते आणले होते. चाळीस वर्षे तिने ते खंडू दिले नाही. ती गेल्यावर तेरा दिवस घर नातेवाइकांनी भरले होते. कुणीतरी चांगल्या मनाने फ्रिज आवरला आणि दह्याचे पातेले घासून पालथे घातले. माझ्या ते चौदाव्या दिवशी लक्षात आले. हे सांगणार कुणाला? माणूस गेल्यावर दह्यासाठी काय रडायचे. मी दुकानातून पिशवी आणू लागलो.

गेल्या रविवारी साक्षी वही घेऊन आली. देठ आणि चिंच यांचे निष्कर्ष केव्हाच लिहून झाले होते. पुढच्या पानावर मथळा होता : 'सुमनआजीचं दही.' खाली अंदाज : 'आजोबांच्या कचऱ्यात दह्याची पिशवी दिसली. म्हणजे घरचं संपलं. तिसऱ्या वाटीतलं माझ्याकडे आहे. आठ दिवसांत मागायला येतील.' त्याखाली रोजची तारीख आणि दोनच शब्द. लावलं. लागलं. लावलं. लागलं. पाने उलटली तरी तेच. परीक्षेच्या दिवसांतही खंड नाही. एके ठिकाणी, 'मी गावाला. आईनं लावलं.' साक्षीदाराचा रकाना खालपर्यंत कोरा.

"अंदाज चुकला," ती म्हणाली. या वेळी टाळ्या नव्हत्या. "तुम्ही आलाच नाय."

"तुझ्याकडे आहे हे मला कुठं ठाऊक होतं, बाळा? तूच आणून द्यायचंस."

"सांगितलं तर प्रयोग बिघडतो ना." ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "पण आता लई दिवस झाले."

मी पेन शोधले. ते समोरच होते, तरी सापडायला वेळ लागला. पहिल्या पानापासून सह्या करत गेलो. तेवढ्यात ती घरी जाऊन झाकण ठेवलेली वाटी घेऊन आली. मी दोन्ही हात पुढे केले.

तिने वाटी मागे घेतली. "सगळं नाय. भांडं आणा, अर्धं देते. एक तसंच ठेवायचं."

"आता कशाला गं?"

"तुमच्याकडचं बिघडलं तर?"