हिंगळाचा थांबा

भरतचं लग्न झालं ते २००१ साल. वैशाखातलं लग्न. सून जया नारायणगावची. तिच्या माहेरी घर दोनच खोल्यांचं होतं, पण दारात नळ आणि मागच्या अंगाला संडास होता. भरतच्या बापाची, सावळारामाची, वस्ती शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून. घर ऐसपैस, ओसरी मोठी, गोठ्यात बैलजोडी. पण संडास म्हणाल तर ओढ्याकाठची करंजाची झाडं. बायकांनी तांबडं फुटायच्या आत टमरेल घेऊन जायचं आणि रस्त्यावर गाडीचा दिवा दिसला की उभं राहायचं.

जयाने दोन महिने कसेबसे काढले आणि रीतीप्रमाणे आखाडाला माहेरी गेली. श्रावण लागला तरी परत आली नाही. भरत पारगावला कारखान्यावर नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तो बायकोला आणायला गेला आणि एकटाच माघारी आला.

"काय म्हणली?" त्याच्या आईने, साळुबाईने विचारलं.

"संडास बांधा म्हणली. मंग येती."

"आन् न्हाई बांधला तर?"

भरतने पायातली चप्पल काढता काढता उत्तर दिलं. "तर म्हणली, त्यांच्या घरात माझ्यापुरती जागा हाय. नळ पण हाय."

पहिल्या बोलण्याचा सावळारामाला राग आला होता. दुसऱ्या बोलण्याने घाम फुटला. एकुलता एक पोरगा नळाच्या नादाने नारायणगावला घरजावई होऊन बसला, तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

संडास बांधायचा तर पैसा हवा. रस्त्याच्या कडेला सावळारामाचा चार गुंठे माळ होता. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नसे. तो विकायचं ठरलं आणि धर्माजीला बोलावणं गेलं. धर्माजी आधी बैलांची दलाली करायचा, आता जमिनीची करायचा. बैलाचे दात बघावेत तसे त्याने माळाचे चारही कोपरे वाकून बघितले.

"जागा झ्याक हाय. पण सावळाभाऊ, एसटीचा थांबा कुटं हाय?"

"गावात. दीड किलोमीटर आसंल."

"मंग ही जागा दीड किलोमीटर स्वस्त झाली."

"आरं, डोंगर बघ समोर! वारं बघ कसं सुटलंय!"

"वारं पुण्यात पण सुटतंय. पुण्याची माणसं माती न्हाई बघत, भाऊ. गाडी कुटं थांबती, पाणी कुटं हाय, चा कुटं भेटतो, येवढंच बघत्यात. तू हितं एसटी थांबीव, मी डबल भाव आणतो."

दुसऱ्या दिवसापासून सावळाराम माळापुढं उभा राहून एसटीला हात करू लागला. एसटी त्याच्या अंगावर धूळ उडवून जाई. तो डेपोत गेला. तिथल्या साहेबांनी त्याचा अर्ज ठेवून घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. शेवटी एका कंडक्टरने त्याला शहाणपण शिकवलं. "बाबा, नुसत्या माणसासाठी ड्रायव्हर बिरेक दाबत नसतो. माणसं काय, कुठंबी उभी ऱ्हात्यात. लांबनं दिसंल आशी कायतरी खूण पायजे."

खूण करायची तर रंग हवा. नुकताच पोळा झाला होता. बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं हिंगूळ डब्यात होतं. माळाच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक धोंडा होता. सावळारामाने दुपारच्या वेळी, रस्ता मोकळा बघून, त्याला हिंगूळ फासलं. डबा संपवायचाच म्हणून दुसरा हातही दिला. धोंडा असा लालभडक झाला की वळणावरून डोळ्यांत भरावा.

मग त्याने आपल्या आत्याला, बयाबाईला, पिशवी आणि छत्री देऊन त्या धोंड्याजवळ बसवलं. बयाबाई नवरा गेल्यापासून भाच्याकडेच असे आणि दिवसभर तिला काम नसे.

"आत्या, गाडी आली की हात करायचा. थांबली की म्हणायचं, मागच्या गाडीनं येते. आन् कुणाला कायबी सांगायचं न्हाई."

"मी कशाला सांगती? इचारलं तेवढंच बोलंन."

सकाळची भीमाशंकर गाडी वळणावर आली. ड्रायव्हरला आधी लाल धोंडा दिसला, मग त्याच्या पायाशी बसलेली म्हातारी. त्याने करकचून ब्रेक दाबला, गाडीतूनच हात जोडले आणि खिडकीतून एक नाणं टाकलं.

कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. "आजी, म्हसोबा का? लई जुना दिसतोय!"

बयाबाईने धोंड्याकडे बघितलं. "जुनाच हाय की. मी नांदायला जायच्या आदीपासनं हितंच हाय."

यात खोटं काहीच नव्हतं. गाडीतल्या दोन बायका खाली उतरल्या, पाया पडल्या आणि परत चढल्या.

आठ दिवसांत प्रत्येक एसटी तिथं थांबू लागली. मागोमाग जीपगाड्या थांबू लागल्या. भीमाशंकरला जाणारे आधी इथं नारळ फोडू लागले. कुणी घंटा बांधली, कुणी भगवं निशाण लावलं. शेजारच्या रानाचा मालक बहिरू. त्याने आपल्या हद्दीत चार बांबू रोवून चहाची टपरी टाकली. कंडक्टर आता तिकीट फाडताना विचारू लागले, "शिनोली गाव का शिनोली म्हसोबा?"

सावळाराम खूश होता. देवाचं त्याला थोडं अवघड वाटे, पण गाडी थांबत होती. त्याने धर्माजीला निरोप धाडला. धर्माजी पुण्याच्या एका साहेबांना घेऊन आला. साहेबांनी थांबा बघितला, चहा घेतला, जाणारी-येणारी माणसं बघितली आणि मान डोलावली.

"उत्तम! एवढी सोय असेल तर जागा घ्यायलाच हवी."

"मंग चार गुंठ्याचं..." सावळारामाने तोंड उघडलं.

"अहो, तुमची नको. देवाची जागा आम्ही कशी घेणार? मंडळी घरात घेणार नाहीत मला. ही शेजारची घेऊ."

आणि बहिरूचा माळ, जो सावळारामाच्या माळाचाच जुळा भाऊ होता, तेवढीच कुसळं, तेवढेच धोंडे, तो डबल भावाने गेला. बहिरूने पेढे वाटले. पहिला पेढा म्हसोबाला ठेवला, दुसरा सावळारामाच्या हातावर.

त्या पेढ्याने सावळारामाचं डोकं फिरलं. तो घरी गेला, हिंगळाचा रिकामा डबा घेऊन आला आणि थांब्यावरच्या सगळ्या गर्दीसमोर उंच धरला.

"आरं, कसला म्हसोबा? ह्यो धोंडा हाय! बैलाच्या शिंगाचं हिंगूळ हाय ह्ये! मी लावलंय, ह्या हातानं!"

माणसांनी डबा बघितला, धोंडा बघितला. मग बहिरूनेच हात जोडले. "भाऊ, नशीबवान हाईस. आमच्या हातनं न्हाई लावून घेतलं देवानं, तुझ्या हातनं घेतलं."

"आरं, एसटी थांबावी म्हणून लावलं!"

"मंग? थांबली का न्हाई?"

सावळाराम तरातरा घरी गेला. तो गोठ्यातली पहार घेऊन आला आणि धोंड्याच्या बुडाशी घातली. "उपटूनच टाकतो. मंग बघू!" पहिल्याच दणक्याला पहार निसटली आणि त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आली. सावळाराम मटकन खाली बसला, नेमका धोंड्यासमोर, गुडघे टेकून.

"बघा!" गर्दीतून एक बाई म्हणाली. त्या दिवशी शंभरावर नारळ फुटले.

अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. सावळाराम पाय वर करून ओसरीवर पडून राहिला. दिवाळी आली आणि जयाशिवाय गेली. भरत पाडव्याला नारायणगावला गेला तो चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा म्हणाला, "नळाला तिथं चोवीस तास पाणी असतं." सावळारामाने भिंतीकडे तोंड केलं.

अशात एके सकाळी ग्रामपंचायतीची माणसं कागद घेऊन आली. थांब्यावर उतरणाऱ्या बायामाणसांची फार अडचण होते, तक्रारी येतात. तेव्हा तिथं पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि संडास-मुतारी बांधायची आहे. पैसा पंचायतीचा, जागा तेवढी सावळारामाने बक्षीस द्यावी.

"बक्षीस?" सावळाराम उठून बसला. "आरं, विकत कुणी घेईना आन् तुमी फुकट मागताय? माझी सून तिकडं..."

"आवं," साळुबाई दारातून म्हणाली. ती बराच वेळ त्या कागदावरचा नकाशा उलटासुलटा करून बघत होती. "ह्यो संडास कुटं यायचा?"

"ह्या कोपऱ्यात. तुमच्या घराच्या बाजूला."

"आन् टाकी?"

"त्याच्या वर. नळ काढून देऊ."

साळुबाई पायरी उतरली आणि माळाच्या कोपऱ्यापर्यंत मोजत चालत गेली. परत येऊन तिने नवऱ्याच्या हातात पंचायतीचं पेन दिलं.

"बावन्न पावलं," ती म्हणाली. "वढा चारशे हाय. सही करा."

सावळारामाने तिच्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं आणि सही केली.

काम होळीच्या आधी पुरं झालं. किल्ली बयाबाईकडे ठेवायची ठरली, कारण ती तशीही तिथंच बसायची. तिला त्या बैठकीची सवयच लागली होती. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नारायणगावची गाडी वळणावर आली, कंडक्टरने घंटी मारली आणि भरतच्या मागून जया उतरली. बयाबाईने किल्ली पुढं केली. जयाने संडासाचं दार उघडून आत बघितलं, कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला. मग ती बाहेर आली, म्हसोबाच्या पाया पडली आणि त्यानंतर सासूच्या.

सावळाराम लंगडत पुढं झाला. "मंग पोरी, झालं मनासारखं?"

"मामा, मी घरात म्हणले व्हते," जया म्हणाली. "पण ठीक हाय. घरापासनं एसटी तरी जवळ झाली."

पुढं पुण्याच्या साहेबांनी विकत घेतलेल्या जागेला कंपाउंड घातलं. बहिरूची टपरी उठली आणि त्याच्या घरच्यांना थांब्यावर यायला वळसा पडू लागला. भाव वाढवून घेतलेल्या माणसाला गाडीसाठी पळावं लागे आणि सावळारामाच्या घरात मात्र घंटी ऐकून मग केस विंचरले तरी चाले.

हिंगूळ पावसात उतरतं. रंग गेला तर गाडी थांबणार नाही, गाडी थांबली नाही तर टाकीत पाणी कोण भरील, हे सावळारामाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून बैल विकल्यावरही तो दर पोळ्याला घोडेगावच्या बाजारातून हिंगळाचा डबा आणी आणि दुपारी, रस्ता मोकळा बघून, धोंड्याला दोन हात देई. हात मात्र त्याने कधी जोडले नाहीत. बयाबाई २००५ च्या पौषात, थांब्यावरच, बसल्या जागी गेली; किल्ली साळुबाईकडे आली. २००९ च्या पोळ्याला हिंगळाचा डबा जयाने आणला, कारण सावळाराम त्या सालच्या आखाडात वारला होता.