दुसऱ्या मजल्यावरचं रान

आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्याच फ्लॅटच्या गॅलरीत, एक बुजगावणं उभं आहे. परभणीत येणाऱ्या पाहुण्यांना घराचा पत्ता देताना मी आता दुसरी कुठलीच खूण सांगत नाही. रिक्षावाल्याला ‘बुजगावण्याची बिल्डिंग’ म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. डोक्याला मडकं, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि दोन्ही हात पसरलेले. खालून पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी निवांत आळस देतंय.

ते उभं केलं नरहरीआबांनी. कबुतरं कुंड्यांतली माती उकरतात, हे कारण. आबांची पोखर्णीला जमीन आहे आणि सगळा जन्म त्या जमिनीत गेलेला. पाखरांवर याशिवाय दुसरा काही इलाज असू शकतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सुरुवातीला कबुतरं थोडी बिचकली. मग त्यांनी बुजगावण्याच्या खिशात काड्या आणायला सुरुवात केली. मी आबांना ते दाखवलं, तर म्हणाले, “राहू द्या. खिशात बसायलेत ना? कुंडीत तर न्हाईत!”

आबा या फ्लॅटमध्ये आले ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांपायी. गावाकडून दवाखान्याच्या खेपा होईनात, म्हणून परभणीत घर घेतलं. आबा एक दिवसाआड मोटारसायकलवर पोखर्णीला जाऊन रान बघून येत. काकूंना मातीत हात घातल्याशिवाय करमेना, म्हणून त्यांनी गॅलरी आणि बाहेरची खोली कुंड्यांनी भरून टाकली. तेवढ्यात पुण्याच्या लेकीला जुळं झालं. काकू महिन्याभरासाठी म्हणून गेल्या आणि तो महिना काही संपला नाही. एक लेकरू झोपलं की दुसरं उठतं, असं त्या फोनवर सांगत.

निघतानाचा प्रसंग मी आमच्या दारातून पाहिला होता. खाली रिक्षा थांबलेली. काकू निम्मा जिना उतरून, गुडघे दुखत असताना, पुन्हा वर आल्या आणि म्हणाल्या, “आवं, रान बगायला गडी हायत. ही झाडं बगायला तुमीच. मी येईस्तोवर सगळी जित्ती दिसली पायजेत.”

आबा हसले. “एवढं रान सांभाळलं म्या. ह्या डबड्यातल्या झाडांचं काय सांगायलीस?”

सगळा घोळ इथेच झाला. आबांना शेती येत होती, आणि शेतीचा घरातल्या कुंडीशी काडीचाही संबंध नसतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मनीप्लांटसमोर बसून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

“ह्याला फूल येतंय?”

“नाही.”

“शेंग?”

“नाही, आबा.”

“मंग हे दिवसभर करतंय काय?”

“घरात बरं दिसतं. बसल्या जागी शोभा.”

“म्हंजी पंख्याखाली बसून राहायचं, अन् वेळेवर पाणी प्यायचं,” आबा म्हणाले. मी विम्याच्या कचेरीत नोकरीला असल्यामुळे हा विषय पुढे वाढवला नाही.

झाडांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मग त्यांनी नातेवाइकांची नावं दिली. मनीप्लांट म्हणजे ‘मेव्हणा’, कारण आधार दिसला की लगेच गळ्यात पडतो. ताठ उभं राहणारं स्नेक प्लांट म्हणजे ‘पिंगळीचे साडू’. ते कुणाकडे वाकत नाहीत, बोलत नाहीत आणि कशानेही मरत नाहीत. रुंद पानांची, पांढऱ्या फुलाची लिली मात्र काकूंची लाडकी. तिला आबा नुसतं ‘मंडळींची’ म्हणत.

मेव्हणा सगळ्यात आधी गेला. आबांच्या मोसंबीच्या बागेत एक जुनी रीत आहे. बहार धरायचा असला की झाडाचं पाणी काही दिवस तोडायचं. झाड पानं गाळतं, अगदी जीव जातोय असं दिसतं. मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. याला ते लोक ताणावर सोडणं म्हणतात. आबांनी मनीप्लांट ताणावर सोडला. तो बिचारा वाळत गेला आणि आबा फुलांची वाट पाहत राहिले.

“लाड केले की झाड आळशी होतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताणावर सोडण्यावर त्यांचा इतका भरवसा, की आमचा फ्रिज बिघडला तेव्हाही त्यांनी तोच उपाय सुचवला. “बटन बंद करून ठेवा चार रोज. ताणावर सोडा. आपोआप सुधरंल.” नळाला पाणी आलं नाही तरी ते चिडत नसत. “आपल्याला ताणावर सोडलंय,” म्हणायचे आणि हसायचे.

मग फर्नला त्यांनी मूठभर युरिया घातला. रानात घालतात तसा, सढळ हाताने. ते नाजूक झाड दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या रंगाचं झालं. चमच्याने माती उकरून कोळपणी करताना एका गुलाबाची मुळं वर आली. तुळस मात्र त्यांनी नीट जपली, कारण तिथे देवाचा प्रश्न होता.

दिवेलागणीला काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा. आबा फोनवर बोलताना बांधापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात आणि दारही उघडंच ठेवतात, त्यामुळे सगळं संभाषण आमच्या घरात ऐकू येई. आम्ही मुद्दाम ऐकत नव्हतो, पण टीव्ही मात्र बारीक करत होतो.

फोन सुरू झाला की आबा उभ्याउभ्या एकेक कुंडी दाखवत. सगळं ठीक असलं की काकू म्हणत, “बरं हाय. जेवलाव का? ठेवते मंग, लेकरू रडायलंय.” कॉल संपला. पण एखादं झाड वाळलेलं दिसलं की त्यांचा आवाज चढे. “आवं, हे काय करून ठेवलं? पाणी कधी घातलं होतं? किती घातलं? फोन जवळ आणा जरा!” मग आबा प्लास्टिकची खुर्ची ओढून बसत. काकूंचं बोलणं झाडावरून आबांच्या स्वयंपाकावर जाई, तिथून धाकट्या जावेवर, तिथून पुण्यातल्या दुधावर, नातवांच्या दातांवर आणि फिरून पुन्हा झाडावर. आबा अधूनमधून “हूं” म्हणत. त्यांना एवढी बोलणी खाताना पाहून मला सुरुवातीला त्यांची कीव यायची.

हळूहळू त्यांचा हात बसला. बोट मातीत खुपसून ओल बघायला शिकले. युरियाचं पोतं गावी परत गेलं. मेव्हण्याच्या जागी नवा मेव्हणा आला आणि तो भिंतीवर चढूही लागला. कुंड्या हिरव्यागार दिसू लागल्या. फक्त लिलीचं काही खरं नव्हतं.

लिलीला पाणी कमी पडलं की ती मान टाकून सपशेल आडवी होते. आबांची लिली जेव्हा बघावी तेव्हा आडवी. माझ्या बायकोला, वैशालीला, ते बघवत नसे.

“आबा, हिला पाणी घाला हो. काकूंची लाडकी आहे ती.”

“ताणावर सोडलीय.”

“अहो, ही काय मोसंबी आहे का?”

“लाड केले की झाड आळशी होतं,” आबा म्हणत आणि विषय संपे.

घरात आल्यावर वैशाली माझ्यावर चिडायची. “काकू येतील तेव्हा ती मेलेली असेल. त्यांना काय वाटेल? तुम्ही का सांगत नाही त्यांना?” मी कुणाच्या घरच्या झाडाझुडपात पडत नाही, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही कशातच पडत नाही.” हे खरंच आहे.

सोयाबीनची काढणी आली आणि आबा पोखर्णीला मुक्कामाला निघाले. किल्ली वैशालीच्या हातात देत म्हणाले, “सगळ्यांना पाणी घाला, सूनबाई. मंडळींच्या झाडाला तेवढं नका घालू.”

वैशालीने पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडून दिलं. तिने लिली आमच्या घरात आणली, कुंडी बदलली, पानं ओल्या फडक्याने पुसली, पडद्याच्या आड सावलीत ठेवली. पाणी मिळताच लिली संध्याकाळपर्यंत उठून बसली. तिकडे काढणीत पाऊस आडवा आला, आबांचा मुक्काम लांबला. रानात रेंज नसते, त्यामुळे काकूंचा फोनही होत नसावा. इकडे लिलीच्या पानांतून एक पांढरं फूल वर आलं. वैशाली येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होती. मलाही रोज दाखवत होती.

आबा परतले त्या दिवशी तिने कुंडी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. आबा बराच वेळ बघत राहिले.

“फुललीय की,” म्हणाले.

“दिसतंय ना? नुसतं पाणी हवं होतं तिला.”

“लय चांगलं केलं, सूनबाई.” त्यांनी ते मनापासून म्हटलं, पण तोंडावर आनंद काही दिसेना. दमले असतील, असं आम्ही धरलं.

दिवेलागणीला फोन आला. आबांनी कुंड्या दाखवल्या. लिली दाखवली. काकू खूश झाल्या. “आगं बाई! फूल आलं? जमलं की तुमाला. माझ्या जिवाला घोर होता बगा. बरं हाय, आता काळजी मिटली. जेवलाव का? ठेवते मंग.”

कॉल संपला तेव्हा मी अजून बुटाच्या नाड्या सोडत होतो. आबा फोन हातात धरून तसेच उभे होते. खुर्ची भिंतीला लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. सगळी झाडं ठीक, सगळं बरं, जेवलाव का, ठेवते. नंतर आबा गॅलरीत जाऊन उभे राहायचे. रस्त्याकडे तोंड करून एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला बुजगावणं.

मग एका सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. वैशालीने चहा ठेवला. आबा खुर्चीच्या कडेला बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “सूनबाई, तुमच्याकडं एखादं आजारी झाड हाय का?”

“आजारी?”

“लय आजारी नको. मरंल असं नको. जरासं बिघडल्यालं.”

“पण कशाला? तुमची सगळी आता छान आहेत.”

“तेच तर झालंय ना,” आबा म्हणाले.

मग ते टोपीकडे बघत बोलायला लागले. “आमी रानात होतो तवा रानाचं बोलायचो. ढोरं, खुरपण, पाणी. जलमभर तेच बोललो. दुसरं बोलायची सवय न्हाई हो आमाला. तब्येत बरी का म्हणलं की ती बरी म्हणती. ती मला इचारती, मी बरी म्हणतो. मंग काय बोलायचं? झाड आजारी असलं की लय बोलती. मला चूक कळायलीय म्हणून मी गप ऐकत बसतो, असं वाटतंय तिला.”

“म्हणजे लिली तुम्ही मुद्दाम...” वैशाली म्हणाली.

“मरू दिली नसती. रातच्याला घोटभर पाणी दिऊन जित्ती ठिवायचो. संध्याकाळी आडवी दिसली पायजे, एवढंच.”

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मग आता पुन्हा तोडा ना पाणी. तुमचंच झाड आहे.”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलून गेलो होतो. “फुलावर आलीय ती,” म्हणाले. “फुलावर आलेल्या झाडाचं पाणी तोडत न्हाईत.”

मला वाईट वाटलं. मी ते वैशालीला सांगितलं नाही, पण ती आधीच उठून मागच्या गॅलरीत गेली होती. तिथून तिने आमची जास्वंद आणली. पांढऱ्या किडीने तिची पार दशा केली होती, आणि वैशाली ती टाकूनच देणार होती. आबांनी पान उलटं करून पाहिलं.

“पिठ्या ढेकूण,” ते समाधानाने म्हणाले. “ह्याला लय दिवस लागतेत.” आणि चहा न पिताच कुंडी दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेले.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही टीव्ही लावलाच नाही. समोरून फोन वाजल्याचा आवाज आला. कुंड्यांची फेरी सुरू झाली. तुळस बरी, साडू बरे, लिली तर बरीच. मग काकूंचा आवाज थबकला.

“आवं, थांबा. ही जास्वंद कुठली?”

“हूं,” आबा म्हणाले.

“ही आपली न्हाई,” काकू म्हणाल्या. “आपल्याकडं जास्वंद कधी न्हवतीच.”

तिकडे एक लेकरू रडत होतं, ते ऐकू येत होतं. काकूंनी कुणालातरी सांगितलं, “घे गं ह्याला जरा.” रडणं लांब गेलं.

“बरं,” काकू म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “लय खराब झालीय. काय काय करायचं ते सगळं सांगते. बसा अगुदर.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वैशालीने उठून आमचं दार हळूच लोटून घेतलं.